मऊ अक्षरं

कांदळबंदरच्या टेकाडावरच्या किनारा इशारा केंद्रात हेमांगी कुबल रुजू झाली, त्या पहिल्याच आठवड्यात तिला तिघांनी विचारलं, "दिसत नाही, तर तुम्ही संगणकावर काम कसं करता?" चौथ्याने विचारायच्या आत तिने त्याचं दोन दिवस अडलेलं काम दहा मिनिटांत उरकून दिलं. मग विचारणं थांबलं.

ही गोष्ट २०३९ सालची. तोवर कोकणच्या समुद्रात, किनाऱ्यापासून साठ किलोमीटर आतपर्यंत, दोनशे चौदा तरंगक सोडलेले होते. तरंगक म्हणजे पिंपाएवढा पिवळा डबा. तो पाण्यावर डोलत राहायचा आणि लाटेची उंची, दोन लाटांमधला वेळ, वारा, पाण्याचं तापमान असं सगळं दर मिनिटाला केंद्राला कळवायचा. प्रत्येक होडीत एक छोटा पडदा आणि भोंगा बसवलेला होता. केंद्रातून निरोप सुटला की तो साऱ्या समुद्रभर एकाच वेळी वाजायचा.

हा सगळा पसारा चालवायचा तो शेलमधून. शेल ही संगणकाशी बोलायची फार जुनी रीत. तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसती काळी खिडकी. पोस्टाच्या खिडकीतून चिठ्ठी आत सरकवावी तशी एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं. आतून काम होतं आणि उत्तराची ओळ बाहेर येते. केंद्र उभारणाऱ्या मंडळींनी आज्ञासुद्धा मराठीत ठेवल्या होत्या. 'तरंगक १७ स्थिती' लिहिलं की सतरा नंबरच्या डब्याची खबर हजर.

जिथे सगळा कारभार अक्षरांचा, तिथे डोळस आणि आंधळा यांच्यात फरक तो काय राहणार? हेमांगीच्या कीबोर्डखाली ब्रेलची पट्टी होती. पट्टीत चाळीस घरं, प्रत्येक घरात आठ सुया. पडद्यावर जी ओळ असेल तीच सुयांच्या टोकांनी वर उठायची आणि ती बोटांनी वाचायची. नवव्या वर्षी तापात दृष्टी गेली तेव्हापासून तिची बोटं वाचत होती. आता एकतीस पुरी झाली होती आणि केंद्रात तिच्याइतकं भरभर टाइप करणारं कोणी नव्हतं.

जानेवारीत केंद्रातल्या सगळ्या यंत्रांवर सुचवणी आली.

कल्पना चांगली होती. तुम्ही दोन अक्षरं टाइप केलीत की यंत्र तुमच्या आणि इतरांच्या जुन्या आज्ञा चाळायचं आणि उरलेली ओळ पुढे फिक्या राखाडी अक्षरांत दाखवायचं. पटली तर एक बटण दाबून घ्यायची. नाही पटली तर आपलं आपलं लिहीत राहायचं. न घेता एंटर दाबलं, तर तुम्ही स्वतः लिहिलेलं तेवढंच आत जायचं. फिकं ते फिकंच राहायचं.

पण या सोयीत दोन खोडी होत्या. एक म्हणजे जुन्या आज्ञांचा साठा इथे नव्हता, लांबच्या एका मोठ्या संगणकात होता. प्रत्येक अक्षरासरशी शेल तिकडे विचारायला जायचं आणि उत्तर येईपर्यंत तुमचं पुढचं अक्षर दारात उभं. वेळ तसा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. शेजारच्या टेबलावर दोन बोटांनी टाइप करणाऱ्या निनादला तो जाणवलाही नाही. हेमांगीला मात्र भरधाव चालताना पावला-पावलाला कोणीतरी पदर ओढावा तसं व्हायला लागलं.

दुसरी खोड जास्त वाईट होती. पट्टीला राखाडी रंग कळत नव्हता. हेमांगीने लिहिलेली अक्षरं आणि यंत्राने सुचवलेली अक्षरं, दोन्हींच्या सुया सारख्याच उठायच्या. तिने हे पहिल्याच दिवशी सांगितलं. 'दुरुस्ती पुढच्या महिन्यात' असं उत्तर आलं.

तो महिना उजाडायच्या आधीच एका सोमवारी अनर्थ झाला.

दर सोमवारी अकरा वाजता इशाऱ्याची तालीम असे. आज्ञा ठरलेली: 'इशारा सर्व परतफिरा तालीम'. शेवटचा 'तालीम' हा शब्द असला की निरोप केंद्रातल्याच एका पेटीवर वाजायचा. तो शब्द नसला की खरा निरोप जायचा, साऱ्या समुद्रभर. त्या दिवशी सुचवणी नेहमीपेक्षा मंद होती. हेमांगीचा हात दर अक्षराला अडखळत होता. 'परतफिरा' झालं आणि पट्टी गोठली. ती थांबली. सुया पुन्हा हलल्या तेव्हा तिने ओळीवरून बोट फिरवलं. 'इशारा सर्व परतफिरा तालीम'. सगळं जागच्या जागी होतं. तिने एंटर दाबलं.

पेटी वाजली नाही. खाली बंदरात भोंगा वाजला.

तो आवाज ऐकताच तिला कळलं. 'तालीम' तिने लिहिलंच नव्हतं. ते यंत्राने सुचवलं होतं आणि तिच्या बोटांनी ते आपलं म्हणून वाचलं होतं.

दोन मिनिटांत चूक झाल्याचा निरोप गेला, पण भोंग्यावर विश्वास ठेवण्याची सवय लोकांना नऊ वर्षांत लागलेली होती. तीनशेबारा होड्या फिरल्या होत्या. घाईत कोणी जाळी तोडली, कोणी मासळी टाकली. तासाभरात निवांत, निळ्या समुद्रातून रिकाम्या होड्या बंदरात आल्या आणि माणसं टेकाडाकडे बघत शिव्या देत उभी राहिली. त्यात हेमांगीच्या वडिलांची 'वेतोबा' होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी भार्गव कुबल केंद्रात आले. साठीचा माणूस, अजून स्वतः होडीवर तांडेलकी करणारा, म्हणजे सुकाणू धरणारा. मुलीकडे न जाता ते थेट केंद्रप्रमुख वृषाली केरकर यांच्या खोलीत शिरले. मधली भिंत प्लायवूडची होती. हेमांगीला शब्द न् शब्द ऐकू आला.

"बाई, माफ करा तेका. चेडवाक दिसणा नाय, तेचा काय चुकला? मीच तेका सांगलेलंय, ह्या काम तुझा न्हय. फोनार बसवा तेका. बरा बोलता ता. हात जोडतंय तुमच्या फुडे."

"कुबल, तुम्ही कशाला हात जोडता? मी तिच्याशीच बोलणार आहे."

"तिच्या वतीन मीच बोलतंय मा."

ती नऊ वर्षांची असल्यापासून ते तिच्या वतीने बोलत आले होते. दुकानात, बसमध्ये, शाळेत, एकदा तर तिला बघायला आलेल्या स्थळापुढेही. दुकानदार तिला विचारी आणि उत्तर बाबा देत. ती वाक्य सुरू करी आणि बाबा ते पुरं करत. त्यांच्या मायेबद्दल तिला कधी शंका नव्हती. पण भोंग्याच्या चुकीने जेवढं लागलं नव्हतं तेवढं तिला त्या जोडलेल्या हातांनी लागलं.

केरकर मॅडमनी तिला बोलावलं. "अहवाल द्यावा लागेल. तुला काढणार नाही मी. पण टर्मिनलवर पुन्हा बसवू कशी, ते तूच सांग."

"आठ दिवस द्या," हेमांगी म्हणाली. "तोवर फोन घेते. आठ दिवसांत जमलं नाही, तर फोनच घेत राहीन."

पहिलं कोडं होतं थांबण्याचं. ते तिला वाटलं होतं त्याहून लवकर सुटलं आणि सुटलं तेही दुसऱ्याच्या पुण्याईवर. जुन्या प्रोग्रॅमांच्या एका सार्वजनिक साठ्यात तिला पंचवीस वर्षांपूर्वीचं एक छोटं लिखाण सापडलं. तेव्हाही कोणालातरी हाच त्रास झाला होता आणि त्याने उपाय करून तो सगळ्यांसाठी खुला ठेवून दिला होता. उपाय असा: शेलने उत्तराची वाट बघायचीच नाही. प्रत्येक अक्षरासरशी त्याने एक निरोप्या धाडायचा, म्हणजे आपल्यातूनच फुटलेला एक छोटा, वेगळा प्रोग्रॅम. आपण मात्र दारातच हजर राहायचं, माणसाचं पुढचं अक्षर घ्यायला. निरोप्या जाईल, विचारेल आणि येईल तेव्हा येईल. तेवढ्यात माणसाने आणखी एक अक्षर लिहिलं, तर त्या निरोप्याचं उत्तर शिळं झालं. त्याला वाटेतूनच रजा द्यायची आणि नवा धाडायचा. टाइप करणाऱ्या हाताला मागे काय धावाधाव चाललीय याचा पत्ताही लागता कामा नये.

दोन दिवसांत तिने ते नव्या यंत्रावर बसवलं. पहिल्यांदा चालवून पाहिलं तेव्हा हात असा सुटला, की ती तीच ओळ उगाचच पाचसहा वेळा लिहीत बसली. त्या जुन्या लिखाणाखाली नाव नव्हतं, नुसता एक पत्ता होता. तिने आभाराचं पत्र पाठवलं. पत्ता आता अस्तित्वात नाही, असं लगेच परत आलं. मग तिने आपल्या प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत लिहून ठेवलं: 'हे आधी ज्याने केलं त्याचे आभार. पत्ता सापडला नाही.'

दुसरं कोडं बोटांचं होतं आणि ते काही केल्या सुटेना. सुचवलेल्या शब्दाआधी एक खूण टाकून बघितली. वेगात ती खूण निसटायची. कानात आवाज देऊन बघितला, तर लक्ष दोन ठिकाणी फाटायचं. पाचव्या दिवशी ती डबा घेऊन सत्यवान धुरींच्या वर्कशॉपमध्ये जाऊन बसली.

धुरीकाका केंद्राचे मेकॅनिक. तरंगक समुद्रातून आणायचे, खरवडायचे, दुरुस्त करून परत सोडायचे, हे त्यांचं काम. प्रोग्रॅममधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि ते तसं उघड सांगत.

"तुका दोनय अक्षरां सारकीच लागतंत, असाच मा?" त्यांनी विचारलं.

"हो. डोळसांना ती फिकी दिसतात. बोटाला फिकं कसं करायचं?"

धुरीकाकांनी टेबलाचा खण उघडला आणि तिचा हात धरून तिच्या बोटाखाली काहीतरी ठेवलं. बोटभर लांबीची गुळगुळीत पट्टी होती. "ह्या काय ता सांग."

"प्लास्टिक आहे. कडक."

"आता?" कुठेतरी खटका वाजला. तिच्या बोटाखालची पट्टी एकाएकी ताडगोळ्यासारखी मऊ झाली. पुन्हा खटका. पुन्हा कडक.

तरंगकाच्या भिंगावर शेवाळ आणि शिंपल्या चिकटू नयेत म्हणून ही पट्टी बसवलेली असे. हे विजेच्या दाबाने ताठ किंवा मऊ होणारं प्लास्टिक. मऊ, ताठ, मऊ, ताठ करत ते अंगावरची घाण झटकून टाकायचं. बाद झालेल्या तरंगकांतल्या अशा पट्ट्या धुरीकाकांच्या खणात ढिगाने पडल्या होत्या.

"तुझी अक्षरां ताठ," धुरीकाका म्हणाले. "यंत्राची मऊ. बोट टेकला की दबतली. जमात?"

हेमांगीने मान हलवली आणि पट्टीसाठी पुन्हा हात पुढे केला.

तीनशेवीस सुया. धुरीकाकांनी भिंगाखाली धरून एकेक हाताने कापली. आठ दिवसांचे अकरा झाले. केरकर मॅडमनी ते वरचे तीन दिवस मोजले नाहीत. बाराव्या दिवशी सकाळी नवी पट्टी बसली. हेमांगीने 'तर' लिहिलं, आणि तिच्या दोन ताठ अक्षरांपुढे बोटाखाली अलगद, पाण्यातून बुडबुडे वर यावेत तशी, मऊ अक्षरं आली: 'ंगक १७ स्थिती'. तिने पुढचं अक्षर लिहिलं मात्र, मऊ अक्षरं विरून गेली आणि क्षणभराने नवी आली. ती खळखळून हसली. धुरीकाका शेजारी उभे होते, त्यांनी डोळे पुसले आणि पुसले नाहीत असं दाखवलं. तिला ते दिसणार नव्हतं, हे त्यांच्या लक्षात नंतर आलं.

केरकर मॅडमनी स्वतः परीक्षा घेतली. ओळीतलं कुठलंही अक्षर दाखवायचं आणि हे कोणाचं ते विचारायचं. पन्नासदा विचारलं. पन्नासदा बरोबर आलं. "सोमवारची तालीम तूच घे," एवढंच म्हणून त्या आत गेल्या.

केंद्रातलं मिटलं. समुद्रावरचं मिटायला वेळ होता. होडीवाले आता भोंग्याला 'कुबलांचो कोंबडो' म्हणत. केव्हाही आरवणारा. मार्चमध्ये वाऱ्याचा एक खरा इशारा गेला, तर निम्म्या होड्या फिरल्याच नाहीत. थोडक्यात निभावलं. बाबा रोज समुद्रावर हे ऐकत होते आणि घरी येऊन त्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. रोज जेवताना मात्र म्हणायचे, "फोनाचा काम वायट नसता गो."

एप्रिलमधला मंगळवार. आभाळ स्वच्छ, वारा नावालाही नाही. दुपारचा पाऊण वाजत होता आणि होड्या मासळी घेऊन परतीला लागल्या होत्या. सगळ्यात बाहेरच्या रांगेतल्या तरंगकाची ओळ हेमांगीच्या बोटाखाली आली. उंची एक मीटर दहा. दोन लाटांमध्ये एकोणीस सेकंद.

तिने शेजारचा तरंगक विचारला. त्याचेही एकोणीस. पाच मिनिटांनी उंची दीड मीटर झाली होती, मग एक नव्वद.

"मॅडम," तिने हाक मारली, "दक्षिणेकडची लाट येतेय. अंदाज उद्याचा होता, आणि याच्या निम्म्याचा."

केरकर मॅडम धावत आल्या. हजारो किलोमीटरवर, दक्षिण महासागरात कुठेतरी वादळ होतं आणि तिथून निघालेल्या या लाटा वाऱ्याशिवाय, ढगाशिवाय इथवर पोचतात. रोजच्या लाटा पाचसात सेकंदांच्या. त्यांचं बळ वरच्या वर असतं. एकोणीस सेकंदांची लाट मात्र खोलवर पोचलेली असते. खोल पाण्यात ती होडीला झोपाळ्यासारखी उचलते आणि खाली ठेवते, कळतही नाही. पण उथळ पाण्यात तिचा पाय तळाला लागतो. पुढचा भाग रेंगाळतो, मागचा त्याच्यावर चढतो, आणि दीड-दोन मीटरची लाट घराएवढी उभी राहून कोसळते. कांदळबंदरात ती कोसळणार ती खाडीच्या तोंडाशी, पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यावर. आणि दोनच्या सुमाराला सगळ्या होड्या नेमक्या तिथेच असणार होत्या.

"त्यांना बाहेरच थांबवायला हवं," केरकर मॅडम म्हणाल्या. "पण आपल्याकडे तसा निरोपच नाही. आपण आजवर त्यांना परतच बोलावत आलोय."

"मग लिहावा लागेल."

"निनाद, लिही."

"माझी ओळ अडकलीय मॅडम!" निनाद ओरडला. साऱ्या किनाऱ्यावरची केंद्रं एकाच वेळी त्या लांबच्या संगणकाला विचारत होती आणि तो कोणालाच उत्तर देत नव्हता. निनादच्या यंत्रावर अजून जुनीच सुचवणी होती. एक अक्षर, आणि खिडकी गोठलेली.

"मी लिहितेय," हेमांगी म्हणाली. तिचे हात आधीच चालू होते.

'इशारा सर्व'. तिच्या ओळीलाही उत्तर येत नव्हतं, पण तिला त्याची गरज नव्हती. निरोप्ये मागे कुठेतरी खोळंबले असतील. मग पुढचा शब्द लिहिण्याआधी ती क्षणभर थांबली, आणि तेवढ्यात एक निरोप्या धापा टाकत पोचलाच. बोटाखाली मऊ अक्षरं उठली: 'परतफिरा'.

नऊ वर्षांत या दोन शब्दांपुढे दुसरा शब्द कधी आलाच नव्हता. यंत्राची त्यात काही चूक नव्हती. हेमांगीचं बोट त्या मऊ शब्दावर टेकलं, आणि तो दबला. आज तो शब्द गेला असता, तर तीनशे होड्या त्या दांड्यावर धावत आल्या असत्या. तिने 'मजकूर' लिहिलं, म्हणजे पुढचा निरोप तिच्या स्वतःच्या शब्दांत जाणार होता. मऊ अक्षरं विरून गेली.

मग तिने लिहिलं:

'मी हेमांगी कुबल. जानेवारीतला भोंगा खोटा होता, ती चूक माझी. आजचा खरा आहे. किनाऱ्याकडे'

इथे पुन्हा मऊ 'परत या' आलं. ती त्यावरून पुढे गेली.

'येऊ नका. दोन वाजता खाडीच्या तोंडावर मोठी लाट फुटेल. वीस वावांपेक्षा उथळ पाण्यात शिरू नका. सांगेपर्यंत बाहेरच थांबा.'

तिने ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत बोटाने वाचली. सगळं ताठ होतं. एंटर.

पाठोपाठ किनाऱ्याचा निरोप गेला: वाळूवरून माणसं हलवा, लिलावाची शेड रिकामी करा. मग खोलीतला वायरलेस मोठा केला, आणि पहिला आवाज आला तो हसण्याचा.

"कुबलांचो कोंबडो आरवलो रे!"

"आज तर घराक येव नको म्हणता. ह्या नवीनच!"

"रे भार्गवा, तुझ्या चेडवान काय चालवल्यान हा?"

हेमांगीला उत्तर पाठ होतं. आता बाबा म्हणणार, चेडवाक दिसणा नाय, चुकला असात, माफ करा. वायरलेसवर खरखर ऐकू आली. मग बाबांचा आवाज.

"मी होडी फिरवलंय. खोल पाण्यात जातंय."

"कित्याक रे?"

"चेडू सांगता म्हणान."

"वारो नाय, ढग नाय. तुका पटता ह्या?"

"माका कित्याक इचारतंस? तेका इचार. ता आयकता हा थयसर."

केरकर मॅडमनी माइक हेमांगीच्या हातात दिला. समुद्राशी ती आजवर निरोपांतून बोलली होती, आपल्या आवाजात कधीच नाही.

"मी हेमांगी," ती म्हणाली. "माज्यार इश्वास ठेवू नकात. मोजा. इंजिन बंद करा आणि एका लाटेच्या माथ्यापासून दुसऱ्या लाटेच्या माथ्यापर्यंत मोजा. पाचसात इले, तर खुशाल घराक येवा. जास्ती इले, तर या लाटेक पोट आसा. ती दांड्यार फुटतली."

माइक धरून हेमांगी स्वतःही मोजत राहिली. मग बाहेरच्या पाण्यातल्या कोणा म्हाताऱ्या तांडेलाचा आवाज आला. आधीच्या कोणाचाही नव्हता तो. हसणारा नव्हता.

"अठरा मोजलंय. दोनदा मोजलंय. चेडू खरा सांगता. फिरा सगळे भायर."

दोन वाजून सात मिनिटांनी दांड्यावर पहिली लाट फुटली. टेकाडावर जमीन हलल्यासारखी वाटली. तिसरी लाट लिलावाच्या शेडमध्ये शिरली आणि बर्फाच्या पेट्या रस्त्यापर्यंत घेऊन गेली. वाळूवर ओढून ठेवलेल्या चार होड्यांच्या फळ्या झाल्या. एका होडीने भोंगा बंद करून ठेवला होता, ती आत आली आणि उलटली. तिच्यावरच्या पाच जणांना दोर टाकून ओढून काढलं. एकाचा खांदा मोडला. बाकीच्या तीनशेहून जास्त होड्या दूर, खोल पाण्यात, हळूहळू वरखाली होत उभ्या होत्या. कोणी बुडालं नाही.

लाटेचा जोर साडेपाचपर्यंत ओसरला आणि होड्या एकामागून एक आत आल्या. बंदरातला गोंगाट टेकाडावर ऐकू येत होता. मग जिन्यावर ओल्या पायांचा आवाज आला, आणि खारट वास.

"जेवलंस काय गो?" बाबांनी विचारलं.

"नाय अजून. तुमी?"

"होडयेर भात होतो." ते तिच्या टेबलापाशी आले आणि अवघडून उभे राहिले. जानेवारीनंतर पहिल्यांदाच आले होते. "धुरी सांगत होतो, कसली मऊ अक्षरां म्हणान. खंय ती?"

तिने त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं, दोन अक्षरं लिहिली आणि त्यांचं जाडंभरडं, दोरांनी चिरलेलं बोट पट्टीवर ठेवलं. बाबांना ब्रेल येत नव्हतं. बावीस वर्षांत कधी हातही लावला नव्हता.

"ह्या ताठ," ते म्हणाले. "ह्या तुझा?"

"माझा."

"आणि ह्या मऊ, ता यंत्राचा." बोट मागेपुढे झालं. "तुका नको आसला तर?"

"मी फुडे लिवतंय. ता आपसूक जाता."

"रागवणा नाय?"

"नाय हो बाबा."

ते त्या मऊ अक्षरांवर बोट ठेवून बसले. हेमांगी त्यांच्या खांद्याला टेकून उभी होती. किती दिवसांपासून सांगायचं राहिलं होतं, ते तिला आत्ता सापडलं.

"बाबा, शाळेत माका घेयत नव्हते, तेव्हा तुमी तीन दिवस हेडमास्तरांच्या दारात बसलात. मी नऊ वर्षांचा होतंय, माज्या तोंडातून शब्द फुटत नव्हतो. तुमी बोलला नसतात, तर मी आज हयसर नसतंय. ह्या मी कधी इसरणा नाय." ती थांबली. "आणि आज तुमी त्यांका माका इचारूक सांगलात. ताय इसरणा नाय."

बाबांनी नाक ओढलं. खिशातून रुमाल काढला, तो खाऱ्या पाण्याने चिंब होता, तसाच परत ठेवला.

"मासळीक बर्फ घालूचो रवलो हा," ते म्हणाले. "चल, येतंस?"

"येतंय. जाताना धुरीकाकांकडे थांबाया. एक सुरमय देवक व्हयी तेंका."

"खंयचीय कित्याक?" बाबा उठले आणि त्यांनी कोपर पुढे केलं. "तुका आवडता ती देवया. मोठी आसा, होडयेर तुझ्यासाठी वेगळी काढून ठेवलंय."